नवतप्यातली थंडी

छत्तीस हा आकडा पडद्यावर आला तेव्हा माझ्या हातात समोसा होता. भंडाऱ्यातल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी ऑपरेशन थिएटरात काम करणाऱ्यांचं शिबिर होतं. जिल्ह्यातून पंचवीस-तीस जण आले होते, कोणी सिस्टर, कोणी माझ्यासारखे असिस्टंट, आणि खरं सांगायचं तर निम्मे जण नाश्ता आणि प्रमाणपत्रासाठीच आले होते. नागपूरहून आलेल्या एक तरुण भूलतज्ज्ञ मॅडम बोलत होत्या. ऑपरेशन चालू असताना पेशंटचं अंग छत्तीस डिग्रीच्या खाली उतरलं, की कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, शरीर आपलं रक्त आत, काळजाकडे ओढून घेतं आणि जखम उपाशी राहते. तिला प्राणवायू मिळत नाही, जंतूंशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात, आणि जंतू पहिल्या काही तासांतच ठाण मांडून बसतात. पू मात्र आठवड्याने दिसतो. "तोपर्यंत आपण विसरलेले असतो, की त्या दिवशी पेशंट थंड पडला होता," असं म्हणून मॅडम हसल्या. हॉलमधला एसी थेट माझ्या डोक्यावर होता. मी सहज खाली पाहिलं तर हातावरचे केस उभे राहिले होते. शेजारच्या सिस्टरने मला कोपराने ढोसलं, "भुपेंद्रभाऊ, खा ना जी, थंडा होऊन राहिला समोसा." मी समोसा परत बशीत ठेवला.

प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी उभा राहिलो. एरवी अशा ठिकाणी माझं तोंड उघडत नाही. मी विचारलं, पेशंट टेबलावर उघडा किती वेळ राहिला तर? मॅडम म्हणाल्या, पहिला तास सगळ्यात वाईट, म्हणून तर आधीपासूनच पांघरून ठेवायचं असतं. मी विचारलं, आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री असेल तर? मागे कोणीतरी खुसखुसलं. मॅडम म्हणाल्या, "बाहेरच्याशी काय संबंध? पेशंट तर आत आहे ना." मग मी शेवटचं विचारलं, एवढ्यानेच टाके पिकतात असं नाही ना? त्या म्हणाल्या, नाही, एकच कारण कधीच नसतं. वय असतं, रक्त कमी असतं, साखर असते. वही कोरीच होती माझी. त्यात मी तेवढं एकच वाक्य लिहून घेतलं, एकच कारण कधीच नसतं, आणि त्याच्याखाली दोनदा रेघ मारली.

दुपारच्या बसने मी तुमसरला निघालो. वरठी गेली, मोहाडीकडे रस्ता लागला. दोन्ही बाजूंच्या बांध्यांमध्ये रोवणी होऊन धान हिरवागार उभा होता, खिडकीतून दमट गरम वारा येत होता आणि तरी माझ्या हातावरचे केस खाली बसत नव्हते. चौदा वर्षं मी तुमसरच्या एका नर्सिंग होममध्ये थिएटर सांभाळतो. माझं काम पेशंट तयार ठेवण्याचं, आणि त्या कामाचा मला माज होता, तो कशाला लपवू. आमच्याकडे भूल द्यायला सर बाहेरून येतात. एका दिवसात तीन-तीन, चार-चार गावं करतात बिचारे. त्यांची गाडी दारात लागायच्या आत माझा पेशंट टेबलावर असतो, कपडे उतरवलेला, सलाइन लागलेलं, पोट औषधाने धुतलेलं. मोठे सर, म्हणजे आमचे सर्जन, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, भुपेंद्रसारखी तयारी नागपुरातही होत नाही. हे वाक्य मी घरी इतक्यांदा सांगितलं होतं, की मायला ते पाठ झालं होतं. ती शेजारणींना सांगायची, माह्या पोऱ्यासारखी तयारी नागपुरात बी होत नाही. कशाची तयारी ते तिला धड माहीत नव्हतं.

मायची गर्भाची पिशवी काढायची होती. दोन वर्षं अंगावरून जात होतं, ती लपवत होती, शेवटी अंजूच्या लक्षात आलं. अंजू माझी बायको. तिनेच मायला समजावून तयार केलं. तारीख पडली ती मे महिन्याच्या अखेरची, नवतप्याच्या तिसऱ्या दिवसाची. उन्हाच्या कहराच्या त्या नऊ दिवसांत आमच्या गावात दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. मायची खोली मागची, वर टिनाची. बाहेर लाही होत असली की ती जमिनीवर पाणी शिंपडून त्यावर पडायची. एसी तिने आयुष्यात एकदाच पाहिला होता, माझ्या बहिणीच्या, रिताच्या लग्नाचे कपडे घ्यायला आम्ही तुमसरच्या मोठ्या दुकानात गेलो तेव्हा. खरेदी उरकली तरी ती दाराशी थांबली आणि म्हणाली, "थांब ना गा थोडं, काय गार हवा आहे अठी." बाबा चिडले, मी तिला हाताला धरून बाहेर काढलं. ते मला कुठेतरी लागून राहिलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी मला तेच आठवलं. केस अकराची होती. मी सकाळी आठलाच थिएटरचा एसी सोळावर लावला, आणि सव्वानऊला, कोणीही सांगितलेलं नसताना, मायला आत घेतलं. इतक्या लवकर कोणाला घेत नाहीत. पण थिएटर माझं होतं आणि माय माझी होती. मी म्हटलं, "माय, थंडाव्यात पड जरा." ती टेबलावर आडवी झाली, डोळे मिटले आणि म्हणाली, "सरगात आली वाट्टे मी." मला इतका आनंद झाला होता. तो आनंद मला अजून जसाच्या तसा आठवतो.

मग मी माझं काम केलं. सिस्टरने लुगडं उतरवून मागे बंद असलेला तो पातळ गाऊन घातला, मी सलाइन लावलं, पोट धुतलं. औषध थंडगार होतं, तिने श्वास आत ओढला आणि लाजून हसली. पावणेदहाला सगळं तयार. तेवढ्यात भूलवाल्या सरांचा फोन आला, आधीच्या गावची केस लांबली, मला बारा वाजतील. मी तिला बाहेर नेऊ शकलो असतो. खालच्या वॉर्डात कपाटात घडी घातलेल्या चार चादरी होत्या, दोन घोंगडी होती. पण धुतलेल्या पोटावर घोंगडं टाकायचं म्हणजे पुन्हा धुवायचं, आणि तयार पेशंट पुन्हा उलगडायचा नाही हा माझाच नियम, मीच थिएटरातल्या मुलींना शिकवलेला. दहा वाजता ती म्हणाली, "भुपेंद्र, थंडी लागून राहिली मले." मी म्हटलं, आता येतेच डॉक्टर. साडेदहाला म्हणाली, "माहं लुगडं तरी दे अंगावर." मी म्हटलं, "माय, बाहेरचा कपडा चालत नाही आतमधी." ती गप्प बसली. पोराच्या नोकरीतलं आहे म्हटल्यावर ती कोणत्याही गोष्टीला गप्पच बसत असे. एसी कमी करायचा विचार माझ्या मनात आला होता. पण गाऊन घातल्यावर मोठ्या सरांना घाम येतो, त्यांना खोली गारच हवी असते, आणि बारा वाजता ते येऊन म्हणाले असते, काय भुपेंद्र, आज तयारी नाही.

तिच्या बोटाला लावलेल्या चिमट्यात आकडा येईना. प्राणवायू दाखवणारं ते मशीन नुसतं पीं-पीं करत होतं. मी चिमटा काढला, दुसऱ्या बोटाला लावला, तिसऱ्या. बोटं बर्फ होती. मग मी तिचा हात माझ्या दोन्ही तळव्यांत धरून चोळला, चांगला मिनिटभर, आणि आकडा आला. सत्त्याण्णव. मी हात सोडून दिला. बस उसर्र्याच्या आसपास कुठेतरी थांबली होती आणि मी माझे दोन्ही तळवे मांडीवर उलटे ठेवून पाहत बसलो होतो. तो हात मी चोळला तो तिच्यासाठी नव्हे, मशीनसाठी. हे मला त्या दिवशीही कळलं असणार. कळल्याशिवाय का ते इतकं लख्ख लक्षात राहतं?

भूल कमरेखालची होती, त्यामुळे ती जागी होती. पिशवी आतड्याला चिकटलेली निघाली, पाऊण तासाच्या कामाला अडीच तास लागले. पोट धुवायला सलाइनच्या बाटल्या मीच देत होतो, एसीच्या बरोब्बर खालच्या फळीवरून काढून. एक, दोन, पाच. पडद्याच्या पलीकडून मायचा आवाज आला, "दात वाजून राहिले गा माहे." मोठे सर मास्कमधून म्हणाले, "आजी, बाहेर पंचेचाळीस आहे, मजा करून घ्या." सगळे हसले. मीही हसलो. बाहेर आणल्यावर तिला असं कापरं भरलं की लोखंडी पलंग खडखडत होता. बाबा दारात उभे होते, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. ते घाबरले. मी म्हटलं, "काही नाही बाबा, भूल उतरून राहिली." तिचं अंग किती डिग्री होतं ते कोणी पाहिलं नाही. आमच्या थिएटरात थर्मामीटरच नव्हतं.

पाचव्या दिवशी ती घरी आली. सहाव्या दिवशी म्हणाली, तोंडाला चव नाही, वांग्याची भाजी कर. अंजू नको म्हणत होती. टाक्यांवर वांगं चालत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण माय हट्टाला पेटली, आणि अंजूने केली. दोन फोडी खाल्ल्या असतील तिने. आठव्या दिवशी टाके ओले दिसले. मी तिला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात घेऊन गेलो, बाबाही मागून आले. मोठ्या सरांनी पट्टी उघडली, वास आला, सरांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?" बाबा म्हणाले, "सुनेनं वांगं चारलं." सर म्हणाले, "बघा. परहेज पाळत नाही तुम्ही लोक." मी बाजूला ड्रेसिंगचा ट्रे धरून उभा होतो. वांगं टाक्यांपर्यंत पोचत नाही हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं. चौदा वर्षांत आम्ही किती माणसांना एक वाटी दही नाहीतर एक वांगं हातात देऊन घरी परत पाठवलं असेल. त्याच्यापुढे कोणी काही विचारत नाही. घरातलीच एखादी बाई त्यात सापडते आणि मग घर आपापसात भांडत बसतं, दवाखान्याकडे कोणी वळून पाहत नाही. ही आमची रीतच होती. त्या दिवशी त्यात माझीच बायको सापडली, आणि मी चिमट्याने बोळे उचलून सरांच्या हातात देत राहिलो.

बाराव्या दिवशी टाके तुटून पोट उघडं पडलं. नागपूरला हलवलं, एकोणिसाव्या दिवशी माय गेली. रिता अड्याळहून आली ती दारातूनच ओरडत आली, "वहिनीनं मारलं माह्या मायले." बाया होत्या, बापे होते, कोणी तिला आवरलं नाही. अंजूला मयताला हात लावू दिला नाही. तेरवीला तिला चुलीजवळ येऊ दिलं नाही. गंमत म्हणजे तेरवीच्या पंगतीत भाजी वांग्याचीच होती, मोठ्या गंजात शिजवलेली, आणि चांगली झाली होती. लोकांनी मागून-मागून घेतली. मीही दुसऱ्यांदा घेतली. तेव्हापासून बाबा तिच्या हातचं पाणी पीत नाहीत, स्वतः मडक्यातून घेतात. राखीला रिता आली नाही, पोस्टाने राखी पाठवली आणि फोनवर सांगितलं, वहिनी घरात आहे तोवर मी पाय नाही ठेवत. आमची गुड्डी सात वर्षांची, तिनेही एकदा जेवताना आईला विचारलं, आजीले तू वांगं काहून देल्लं? मागच्या आठवड्यात बाबांनी मला बांधीवर बोलावून सांगितलं, तिला तिच्या माहेरी, चिखल्याला पाठवून दे, माझ्याने आता तिचं तोंड पाहवत नाही. तिचा भाऊ कमलेश तिथल्या खाणीत कामाला आहे. मी त्याला फोन केला. तो सोमवारी येतो म्हणाला, म्हणजे उद्या. मी हे सगळं मान हलवत केलं. दुःखाने माझी बुद्धी बधिर झाली आहे असं लोकांना वाटत होतं, मलाही तसंच वाटून घ्यायला बरं पडत होतं.

तुमसरला उतरलो तेव्हा माझं ठरलं होतं. निदान तसं वाटत होतं. स्कूटर काढली आणि गावाला आलो. चार-साडेचार झाले असतील. बाबा ओसरीत सुतळी वळत बसले होते. त्यांचं नाव यादोराव, पण गावात त्यांना सगळे महाराज म्हणतात, कारण बोललेला शब्द ते फिरवत नाहीत. मी चपलाही काढल्या नाहीत. म्हटलं, "बाबा, मायचे टाके वांग्यानं नाही पिकले. मी तिले दोन-अडीच घंटे उघडी ठेवली एसीमधी. तिचं अंग थंडं पडलं. त्याच्यानं जखम भरत नाही. आज भंडाऱ्याले सांगतलं मोठ्या डॉक्टरणीनं." बाबांनी सुतळी थांबवली.

"थंडीनं?"

"हाव."

"नवतप्यात?"

त्यांनी अंगणात थुंकलं. "माणसं मरून राहिली होती उन्हानं, अन तू मले सांगते का चंद्रभागा थंडीनं गेली. कायले असं बोलते गा? बायकोले ठेवाचं असन तं सरळ सांग. मायच्या नावानं कहान्या नको सांगू." आणि ते पुन्हा सुतळी वळायला लागले. मला वहीतलं ते वाक्य आठवलं, एकच कारण कधीच नसतं. ते मी बाबांना सांगितलं नाही. ते मी स्वतःसाठी राखून ठेवलं होतं.

अंजू मागच्या खोलीत होती, मायच्या. पलंगावर तिची पिशवी भरून ठेवलेली, वर गुड्डीचे दोन फ्रॉक. गुड्डीला ती सोबत नेणार होती की इथेच ठेवणार होती, हे मी विचारलंच नव्हतं. ती मायची लुगडी घड्या घालून ट्रंकेत ठेवत होती, कारण आपण गेल्यावर ती कोणी नीट ठेवणार नाही. मी दार लोटलं आणि तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. आठ वाजता लावलेला एसी. सव्वानऊ. फोन. वॉर्डातली घोंगडी. लुगडं मागितलं ते, आणि मी नाही दिलं ते. हात चोळला तो. मोठे सर परहेज म्हणाले तेव्हा मी ट्रे धरून उभा होतो, तेही. सांगताना माझा आवाज कसा होता मला माहीत नाही, मला दात वाजत असल्यासारखं वाटत होतं. अंजू खाली बसली. दोन महिन्यांत ती माझ्याकडे नीट पाहत नव्हती, तिने आता पाहिलं. आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती हसली. रडणारं माणूस असं हसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर मला वाटलं, सुटलो. तीही सुटली आणि मीही.

"गुड्डीचे बाबा," ती म्हणाली, "मले वाटे का तुमी बी मनातून मलेच म्हणता."

"नाही म्हणत. मीच केलं ते. तू काही नाही केलं."

"राहू द्या जी," ती म्हणाली. "किती खोटं बोलसान माह्यासाठी? तुमच्यासारखी तयारी नागपुरात बी होत नाही, हे काय मले मालूम नाही? तुमच्या हातून सोताच्या मायले असं होईन काय?"

मी म्हटलं, अंजू, खरंच. मी तिचा खांदा धरून हलवला. ती मान हलवत राहिली, समजूत घालतात तशी. म्हणाली, "वांगं म्याच देल्लं. माय मांगे तरी म्या नाही द्याले पायजे होतं. म्या जलमभर वांगं नाही खानार, तसं बोलली मी देवाले. पण तुमी माह्यासाठी बाबासमोर असं बोलले, ओसरीतलं आयकलं म्या, तेवढं बस झालं मले. आता जाईन मी. कोणावर राग ठेवून नाही जाणार." एवढं हलकं बोलताना मी तिला लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

मी काय म्हणायचं होतं? वही काढून दाखवायची होती? वहीत तर माझ्या बाजूचं तेवढं एक वाक्य होतं. मी पलंगाच्या काठावर बसलो. खोलीत वारा नव्हता, टिनाखाली दिवसभराची उष्णता कोंडलेली होती, आणि मी कापत होतो. ते थांबवता येईना. अंजूने माझ्या कपाळाला हात लावला, मग हातांना लावला. "तुमाले तं थंडी भरली जी," ती म्हणाली, "बसमधी भिजले का?" तिने ट्रंकेतून आत्ताच घडी करून ठेवलेलं मायचं हिरवं लुगडं काढलं, उलगडलं आणि माझ्या अंगावर घातलं, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, नीट दाबून. त्याला अजून मायचा वास होता. मग ती पिशवीची चेन लावायला वळली. उद्या कमलेश दहाच्या बसने येणार होता. मी लुगडं तसंच राहू दिलं.